मुठीवरची दोन अक्षरं

सासरेबुवांनी एकतीस वर्षांत स्वतः होऊन आर्विन क्लिंगरच्या हातात दिलेल्या गोष्टी मोजायच्या म्हटलं तर दोनच भरतात. पहिली, त्यांची मुलगी. तीही देताना चर्चच्या दारापासून वेदीपर्यंतचं पंचवीस पावलांचं अंतर त्यांनी अशा चालीनं कापलं की पियानोवाल्या बाईंना तेच गाणं तिसऱ्यांदा पहिल्यापासून वाजवावं लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे यंदाच्या सप्टेंबरात दिलेलं रिव्हॉल्व्हर.

सासरेबुवांचं नाव ग्रोव्हर टकेट, वय एकोणनव्वद. वायोमिंगच्या डोंगरांत चौतीस वर्षं ते शिकार-खात्याचे वॉर्डन होते. म्हणजे कोणी परवान्याशिवाय एल्क नावाचं मोठं हरीण मारलं किंवा ठरल्यापेक्षा दोन मासे जास्त पकडले, की झुडपामागून उठून उभं राहायचं आणि पावती फाडायची. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या सहीच्या पावत्या निघतील. उरलेल्या निम्म्यांनी त्या शेगडीत घातल्या असतील. आता ते गावातल्याच वृद्धाश्रमात राहतात आणि तिथल्या जेवणाच्या रांगेत कोणी दोनदा पुडिंग घेतलं तर अजूनही उठून उभे राहतात. जिल्ह्याच्या संग्रहालयानं त्यांची टोपी, बिल्ला आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं होतं. समारंभाला अकरा दिवस होते.

"मुठीवर जरा हात फिरव," पेटी आर्विनच्या मांडीवर ठेवत सासरेबुवा म्हणाले. "चौतीस वर्षांचा मळ आहे माझा. काचेत जायचंय ते. जमेल ना, ओहायो?"

'ओहायो' म्हणजे आर्विन. सव्विसाव्या वर्षी तो चष्म्यांचं दुकान काढायला ओहायोहून इथं आला, इथलीच मुलगी केली, इथंच घर बांधलं, आणि गेली एकतीस वर्षं गावातल्या बहुतेक सगळ्यांना तोच दाखवतो आहे की डोळे तपासायच्या फळ्यावर काय लिहिलंय. पण 'इथला' ही पदवी त्या गावात अशी स्वस्त नाही. त्यासाठी इथं जन्मावं लागतं, आणि शक्यतो हिमवादळात, डॉक्टर वाटेत अडकलेला असताना. शिवाय आर्विन शिकार करत नाही, गळ टाकत नाही. सासरेबुवा त्याची ओळख करून देताना "हा आर्विन" म्हणतात, थोडं थांबतात आणि आजार सांगावा तसं "ओहायोचा" म्हणतात.

तेव्हा ती पेटी घेऊन घरी येताना आर्विनची छाती किती इंच फुगली होती, हे त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला विचारावं. पोरीनंतर पहिल्यांदाच म्हाताऱ्यानं आपली म्हणावी अशी वस्तू त्याच्यावर सोपवली होती. ती नीट परत गेली तर 'ओहायो'चा 'आर्विन' व्हायला वाव होता. बिघडली तर मात्र पुढची एकतीस वर्षं बघायला नको.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नाही हे त्यानं तीनदा पाहिलं, बायकोला दोनदा पाहायला लावलं, आणि मग मुठीचा एकुलता एक स्क्रू काढला. मूठ म्हणजे काय, तर लोखंडी दांड्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या दोन लाकडी फाका. आंब्याच्या फाकेएवढ्या. स्क्रू निघाला की त्या सुट्या होतात. पण या फाका लाकडाच्या होत्या हे सांगायला लागलं असतं. डांबरासारख्या काळ्या, चिकट, आणि वास घेतला तर घोडा, घाम, तंबाखू आणि बदकाचं रक्त असे चार थर ओळीनं लागत. लोखंड पेटीत घालून त्यानं कुलूप लावलं आणि दोन फाका रुमालात बांधून दुकानात नेल्या.

ही पहिली चूक. दुकानात गिऱ्हाईक येतं आणि गिऱ्हाइकाला तोंड असतं.

"साबणाचं पाणी, बाकी काही नाही," फळ्यासमोर बसलेले एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

"पाणी? लाकडाला पाणी?" मागे रांगेत बसलेल्या बाई किंचाळल्या. "आर्विन, स्पिरिट घे आणि जुना टूथब्रश. माझ्या आजोबांची पेटी मी तशीच साफ केली."

"आणि कुठाय ती पेटी?"

"फुटली. पण स्वच्छ होती."

ज्यांना फळ्यावरच्या खालच्या तीन ओळी वाचता येत नव्हत्या, त्यांना लाकडातलं मात्र सगळं दिसत होतं. संध्याकाळपर्यंत आर्विनच्या वहीत सात उपाय जमा झाले, त्यांतला प्रत्येक दुसऱ्या सहांना मूर्खपणा ठरवणारा.

आठवा उपाय शेजारी राहत होता. बड ओल्टमन. गावातलं हार्डवेअरचं दुकान त्याचं आणि गावच्या हौशी अग्निशमन दलाचा कप्तानही तोच. म्हणजे आग लागण्याचं सामानही तोच विकणार आणि विझवायलाही तोच येणार. बडनं कुंपणावरून फाका हातात घेतल्या, नखानं खरवडल्या, नखाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे हातानं निघायचं नाही, आर्व. भांड्यांच्या मशीनमध्ये घाल."

"डिशवॉशरमध्ये?"

"माझ्या मेव्हण्यानं अख्ख्या रायफलचा दस्ता घातला. नव्यासारखा निघाला."

"आणि बायको काय म्हणाली त्याची?"

"ती तेव्हा आधीच सोडून गेली होती."

आर्विनची बायको डार्ला सोडून गेलेली नव्हती. ती फक्त बुधवारी दुपारी चर्चमध्ये पियानोच्या सरावाला गेली होती. आर्विननं फाका मशीनच्या वरच्या कप्प्यात, कपांच्या रांगेत सभ्यपणे उभ्या केल्या, साबणाची वडी टाकली आणि बटण दाबलं. खालच्या कप्प्यात काय आहे हे त्यानं पाहिलं नाही. खालच्या कप्प्यात डार्लाचं काचेचं मोठं भांडं होतं, ज्याच्या बुडाला चिकटपट्टीवर 'क्लिंगर' असं लिहिलेलं असतं आणि ज्यात ती चर्चच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ आणायच्या जेवणाला, ट्यूना-नूडल्स नेते. पॉटलक त्याच संध्याकाळी होतं.

त्या संध्याकाळच्या नूडल्सबद्दल एवढंच सांगता येईल की पाद्रीसाहेबांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "डार्ला, यात... वन्य असं काही आहे का?" मग धर्माला जागून दुसरा घासही खाल्ला. पण तोवर डार्लाचं नूडल्सकडे लक्षच नव्हतं. कारण भांडं काढायला मशीन उघडल्यावर वाफेतून प्रथम तिच्या हाताला लागल्या होत्या त्या दोन फाका.

डांबर गेलं होतं. खाली तांबूस-करडं अक्रोडाचं लाकूड निघालं होतं, थोडं पांढरट पडलेलं, पण रेषा अशा सुंदर की आर्विनला दुकानातलं भिंग आणावंसं वाटलं. त्यानं ते आणलं. आणि डाव्या फाकेच्या खालच्या टोकाला, मळ जिथं सगळ्यात जाड होता तिथं, चाकूच्या टोकानं कोरलेली दोन अक्षरं दिसली.

एन. आर.

"कंपनीची खूण असेल," आर्विन म्हणाला.

"चाकूनं?" डार्ला म्हणाली. "कंपनी चाकूनं खुणा करते?"

"डॅडींनी आपलं नाव..."

"ग्रोव्हर टकेट. यात एन कुठाय? आर कुठाय?"

"आईचं?"

डार्लाच्या आईचं नाव व्हिव्हियन. जाऊन नऊ वर्षं झाली होती. डार्लानं हात पुसले. ती खुर्चीवर बसली, फाक ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे अशी बघत राहिली की जणू ती आता स्वतःच कबुली देईल. मग हळूच म्हणाली, "नेवा रिटर."

मिसेस नेवा रिटर या शहाऐंशी वर्षांच्या विधवा बाई. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतात, पॉटलकला रूबार्बच्या आंबट देठांचा 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ आणतात, कोणाच्या अध्यात नसतात. आजवर त्यांच्यावर ठेवलेला सगळ्यात मोठा आरोप म्हणजे 'पाय'मध्ये साखर जास्त असते. पण संशयाचं एक आहे. एकदा उघडलं की पावसाळी छत्रीसारखं मिटत नाही. नेवाबाई त्याच वृद्धाश्रमात राहतात. बिंगो खेळताना डॅडींच्या शेजारच्याच खुर्चीवर बसतात. गेल्या नाताळात त्यांनी डॅडींना मोजे विणून दिले.

"सगळ्यांनाच दिले," आर्विन म्हणाला. "मलाही दिले."

"तुझे खाकी होते. डॅडींचे लाल."

या पुराव्यापुढे आर्विननं भिंग खिशात ठेवलं. त्या संध्याकाळी पॉटलकला नेवाबाईंनी नेहमीप्रमाणे हसून 'पाय'चा तुकडा पुढे केला, तेव्हा डार्ला म्हणाली, "नको. आमच्या घरात आता गोड बंद आहे," आणि तीन टेबलांवरच्या माना वळल्या. घरी येताना गाडीत ती एवढंच बोलली, "चौतीस वर्षं कमरेला. आणि आई रोज डबा भरून द्यायची."

"विचार ना त्यांना सरळ."

"एकोणनव्वदाव्या वर्षी बापाला हे विचारू? आणि तो 'हो' म्हणाला तर? ऐक आर्विन, ती अक्षरं काचेत गेली, तर मी त्या समारंभाला पाय ठेवणार नाही. आणि ती बाई त्या दिवशी सगळ्या गावापुढे उभं राहून स्वतःची अक्षरं वाचणार! पुसून टाक."

इथं कोणालाही वाटेल की आर्विननं ती फाक निदान बडला तरी दाखवावी. पण ही घरातली गोष्ट होती, आणि बडच्या दुकानात सकाळी नऊला ठेवलेली गोष्ट दहापर्यंत पेट्रोल पंपावर पोचलेली असते. शिवाय आर्विनच्या मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं होतं. एकतीस वर्षं ज्या माणसासमोर चष्म्याची दोरीसुद्धा सरळ करून उभं राहायचं, त्या माणसाची अब्रू आज आपल्या हातात, आणि ती आपण, ओहायोवाल्यानं, गुपचूप झाकायची. असला मोठेपणा रोज वाट्याला येत नाही.

त्यानं पॉलिश पेपर आणला. अक्षरं वाटली होती त्यापेक्षा खोल होती. आर निघाला तेव्हा एनचा एक पाय शिल्लक होता. एन निघाला तेव्हा डावी फाक उजवीपेक्षा बारीक झाली होती. मग उजवी घासली. ती जरा जास्त घासली गेली. मग पुन्हा डावी. ज्यांनी घरी कधी डुगडुगणाऱ्या टेबलाचे पाय कापले असतील, त्यांना पुढचं सांगायला नको. शनिवारपर्यंत फाका इतक्या सडपातळ झाल्या की स्क्रू बसवल्यावर पलीकडून पाव इंच बाहेर डोकावू लागला. बडकडून आखूड स्क्रू आणावा लागला. बडनं स्क्रूबरोबर जवसाच्या तेलाचा डबा दिला आणि "तीन हात दे, प्रत्येक हात सुकू दे, चिंध्या मोकळ्या वाळत घाल, गोळा करून टाकू नकोस, आपोआप पेटतात" असं सांगितलं. आर्विनला "तीन हात दे" एवढं ऐकू आलं. माणूस मनात मोठं काम घेऊन फिरत असला की बारीक सूचना कानाबाहेर राहतात.

त्यानं तीन हात दिले. तिन्ही एकाच दिवसात दिले. रविवारी संध्याकाळी फाका काकवीत बुडवलेल्या बिस्किटांसारख्या दिसत होत्या आणि ज्याच्या त्याच्या बोटाला चिकटत होत्या. तेलाच्या चिंध्या त्यानं नीटनेटकेपणानं एकीत एक कोंबून गॅरेजमधल्या डब्यात टाकल्या. सोमवारी सकाळी त्या डब्यातून धूर यायला लागला.

आग लागली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. डबा धुमसला, गॅरेजमधली प्लास्टिकची ख्रिसमसची झाडं थोडी वितळली, आणि आर्विननं बागेच्या नळीनं डबा विझवला. पण तोवर डार्लानं फोन केला होता. शेजारच्याच घरातून बड ओल्टमन आधी गावाच्या दुसऱ्या टोकाला गाडी काढायला धावला आणि अकरा मिनिटांनी लाल बंब घेऊन, शिरस्त्राण घालून, भोंगा वाजवत शेजारच्या घरी परत आला. त्यानं ओला डबा तपासला, मग फळीवरचं तेलाचं पत्र्याचं डबडं उचललं, त्याच्यावर लाल अक्षरांत छापलेली तीच सूचना आर्विनला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाला, "आर्व, तू चष्मेवाला ना?"

हे वाक्य दुपारपर्यंत पेट्रोल पंपावर पोचलं. मंगळवारी दुकानात आलेल्या पाचपैकी चार गिऱ्हाइकांनी ते पुन्हा म्हटलं. पाचव्यानं फक्त फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुला दिसतं का?"

पण सगळ्यात चिवट ठरल्या मिसेस इनेझ पोल्सन. संग्रहालय आठवड्यात एकच दिवस, गुरुवारी उघडतं आणि गुरुवारी तिथं इनेझबाई बसतात. त्यांनी फोनवर सांगितलं होतं की शस्त्र रिकामं असल्याचं पत्र शेरीफच्या कचेरीतून आणल्याशिवाय स्वीकारलं जाणार नाही. म्हणून बुधवारी आर्विन शेरीफच्या कचेरीत गेला. खिडकीमागे इनेझबाईच बसल्या होत्या. बुधवारी त्या तिथं बसतात.

"कशासाठी हवं पत्र?"

"तुम्हीच मागितलंत ना, इनेझ."

"ते संग्रहालयानं मागितलं असेल. इथं अर्ज करावा लागतो. ओळखपत्र?"

"तुमच्या डोळ्यावरचा चष्मा मी केलाय."

"चष्म्यावर फोटो नसतो, आर्विन."

गुरुवारी त्यांनी ते पत्र हातात घेतलं, स्वतःची सही डोळे बारीक करून तपासली, "ही कोणाची सही?" असं म्हणाल्या नाहीत एवढंच. मग अर्जातला सहावा प्रश्न विचारला. "वस्तू मूळ स्थितीत आहे का? हो किंवा नाही."

आर्विननं घाम पुसला. फाका तोवर सुकल्या होत्या. स्पिरिटनं वरचा चिकटा काढून, जुन्या पायमोज्यानं (खाकी) तीन तास घासल्यावर त्या खरोखरच देखण्या निघाल्या होत्या. मधाच्या रंगाच्या, आत ढग तरंगत असल्यासारख्या. त्याला त्यांचा अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी आपण काहीतरी चोरल्यासारखंही. तो म्हणाला, "स्वच्छ आहे."

"हो किंवा नाही?"

"...स्वच्छ."

इनेझबाईंनी तिसरा पर्याय स्वतःच्या हातानं अर्जावर काढला. त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच सवलत होती. "शिक्का शनिवारी. आधी मालकानं वस्तू पाहिली पाहिजे," त्या म्हणाल्या.

शनिवारी संग्रहालयात चाळीस-एक माणसं, कॉफीचा मोठा पिंप आणि रूबार्बचे तीन 'पाय' होते. सासरेबुवांना बडनं चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पायात लाल मोजे. डार्लानं मोजे पाहिले आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. नेवाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

आर्विननं पेटी उघडली. लोकांच्या तोंडून "वा!" निघालं. खरंच निघालं, हे मुद्दाम नोंदवून ठेवावं, कारण पुढं तसं काही निघायचं नव्हतं. सासरेबुवांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, चेंबर उघडून आत पाहिलं, मिटलं, मूठ धरली. त्यांचे हात आता वाळल्या फांदीसारखे झालेले. बोटं मुठीभोवती पुरी फिरली.

"बारीक केलीस."

"हो... थोडी."

"बरं केलंस. हल्ली पोचत नव्हतं बोट." आर्विनच्या डोक्यावरचा ढग सरला. मग म्हाताऱ्याचा अंगठा सवयीनं मुठीच्या खालच्या टोकाकडे सरकला, तिथं थांबला, मागे-पुढे फिरला, पुन्हा थांबला.

"अक्षरं कुठायत?"

 आर्विननं डार्लाकडे पाहिलं. डार्ला वळली. दहा दिवस पियानोच्या झाकणाखाली दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"मी पुसायला सांगितली, डॅडी! मी! सगळ्या गावापुढे काचेत लावायची होती का? आईनं तुमचे डबे भरले, बर्फातून तुमची वाट पाहिली, आणि तुम्ही कमरेला दुसऱ्या बाईचं नाव बांधून फिरलात!"

"कुठल्या बाईचं?" सासरेबुवांनी खरोखरच विचारलं.

डार्लानं बोट दाखवलं नाही, पण चाळीस जोडी डोळे जिथं जायचे तिथं गेले. नेवाबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"कोण, मी?" त्या म्हणाल्या. "अगं डार्ला! या माणसानं माझ्या हॅरल्डला ट्राउट जास्त पकडले म्हणून दोनदा दंड केला. दुसऱ्यांदा तर एकच मासा जास्त होता, आणि तोही मी पकडला होता. माझं नाव यानं आयुष्यात एकदाच लिहिलं, ते पावतीवर. आणि तेही चुकीचं!"

"मग मोजे?"

"लाल लोकर उरली होती."

सासरेबुवांनी मुलीकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांत काहीतरी हलायला लागलं. आर्विनला आधी वाटलं खोकला आहे. तो खोकला नव्हता. एकतीस वर्षांत आर्विननं हे पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. म्हातारा हसत होता.

"वॉर्डनची पोर ना तू?" डोळे पुसत ते म्हणाले. "लहानपणी जेवणाच्या टेबलावर बसून माझ्या परवान्यांचे गठ्ठे कोण लावून द्यायचं? इकडे आर, तिकडे एन. आर.?"

डार्लाचा हात तोंडावर गेला. बड ओल्टमननं स्वतःच्या कपाळावर थाप मारली; गावाला शिकारीचे परवाने तोच विकतो, त्याच्या गल्ल्याच्या डोक्यावर वीस वर्षं ती पाटी लटकते आहे आणि हंगामात तो ती अक्षरं दिवसातून पन्नासदा लिहितो. चाळीस माणसांना एकदम कळलं. न कळलेला एकच उरला, कारण त्यानं आयुष्यात शिकारीचा परवाना काढलेला नव्हता.

"म्हणजे काय पण?" आर्विननं विचारलं.

"नॉन-रेसिडेंट," अख्खी खोली म्हणाली. म्हणजे बाहेरचा. दुसऱ्या राज्यातून शिकारीला आलेला.

मग सासरेबुवांनी गोष्ट सांगितली. साठ वर्षांपूर्वीची, नोकरीच्या पहिल्याच हंगामातली. चोरटे शिकारी पकडायला त्यांनी स्वतः प्लायवूडचा एक एल्क कापून रंगवला होता आणि टेकडीवर उभा केला होता. पूर्वेकडून आलेल्या एका साहेबानं हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याला चार गोळ्या घातल्या. एल्क हलेना. पाचवी घातली. सासरेबुवा झुडपामागून उठून म्हणाले, "साहेब, तो मेलाय. त्याला पडता येत नाही." साहेब इतका भडकला की त्यानं रायफल दगडावर आपटली. दस्ता मोडला. दंड भरून साहेब गेला, लाकडाचा तुकडा तिथंच पडला होता. त्याच आठवड्यात खात्याच्या रिव्हॉल्व्हरची मूठ तडकली होती. सासरेबुवांनी त्या तुकड्याच्या दोन फाका केल्या आणि जप्त मालावर चिठ्ठी लावतात तशी खूण केली: एन. आर.

"हे लाकूड इकडं उगवत नाही," ते म्हणाले. "वाटलं, परकं आहे, पहिल्याच थंडीत फुटेल. उणे चाळीसमध्ये फुटलं नाही. घोड्यावरून दोनदा पडलं, फुटलं नाही. शेवटी मीच निवृत्त झालो. हेच तर सांगायला आलो होतो आज. आणि ओहायो, तू नेमकं तेवढंच खोडलंस."

आर्विनला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं, पण वायोमिंगची जमीन फार कडक. "मी... तुमच्या अब्रूसाठी..." एवढंच तो पुटपुटला. कोणीतरी मागून म्हणालं, "चष्मेवाला ना?"

सासरेबुवांनी खिशातून चाकू काढला. वृद्धाश्रमात चाकू ठेवायला बंदी आहे. इनेझबाईंनी त्या क्षणी छताकडे पाहिलं. पातं उघडून त्यांनी चाकूची मूठ आर्विनच्या दिशेनं केली.

"कोर."

"मी?"

"माझे हात थरथरतात."

"थांबा," इनेझबाई पुढे झाल्या. "नोंद झालेल्या वस्तूवर कोरकाम करता येत नाही. नियम चौदा."

"नोंद झाली?"

"शिक्का मारायचाय."

"मग मारू नकोस अजून. कॉफी घे."

इनेझबाईंनी घड्याळ पाहिलं आणि कॉफी घेतली. आर्विननं चष्मा पुसला, भिंग लावलं, आणि चाळीस माणसांच्या देखत पातं लाकडावर टेकवलं. एन सरळ आला. आरचा पाय घसरला आणि जरा लांब गेला, चालायला निघाल्यासारखा. सासरेबुवांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. रिव्हॉल्व्हर मात्र परत दिलं नाही. समारंभ होईपर्यंत मांडीवरच ठेवून बसले. डार्ला तोवर नेवाबाईंच्या शेजारी जाऊन बसली होती आणि 'पाय'चा दुसरा तुकडा खात होती. साखर जास्त होती. तिनं सांगितलं नाही.

शेवटी इनेझबाई काचेत ठेवायचं कार्ड घेऊन आल्या. खुर्चीच्या हातावर ते टेकवून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"मूठ?"

"अक्रोड," सासरेबुवा म्हणाले.

"शेवटचं काम कोणी केलं?"

"जावयानं. आर्विन क्लिंगर."

त्यांनी नाव घेतल्यावर मध्ये थांबायची जागा आली. आर्विन एकतीस वर्षांच्या सवयीनं त्या जागेत पुढचा शब्द ऐकायला तयार होऊन उभा राहिला. तो आलाच नाही.

"राहणार?" इनेझबाईंनी विचारलं. "कार्डावर गाव लागतं."

आर्विननं तोंड उघडलं. "ओ..."

"इथला," सासरेबुवा म्हणाले.

इनेझबाईंचं पेन अधांतरी थांबलं. त्यांनी चष्म्यावरून आधी आर्विनकडे, मग म्हाताऱ्याकडे पाहिलं. "इथला असं लिहू? नक्की?"

सासरेबुवांनी मुठीवरच्या त्या लांब पायाच्या आरवरून अंगठा फिरवत थोडा विचार केला.

"लिही," ते म्हणाले. "पण पेन्सिलीनं लिही."